खिशातला पान्हा

धुळ्याला हायवेजवळच्या टीबीच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या टेबलासारखं काम अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं मी बिनधास्त सांगायचे. गोळ्या वेळेवर, रांग सरळ, दर महिन्याला वजन. कोणी गोळ्या चुकवल्या की माझं तोंड सुटायचं.

शिंदखेड्याकडचा एक ट्रक ड्रायव्हर यायचा. गालफडं बसलेली, पण काट्यावर दर खेपेला वाढ! मला काही पटेना. एकदा काट्यावर चढताना त्याच्या खिशातून पान्हा घसरला आणि खणकन फरशीवर आपटला. मागोमाग मूठभर नटबोल्ट.

"अरे भाऊ, गाडीच खिशात घालून आलास की काय?" मी ओरडले. रांग हसली. तो खाली बसून नटबोल्ट वेचू लागला.

त्याला आत नेऊन विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "अक्का, वजन घटनं का तू त्या खोलीमा धाडी देस."

ती खोली आवारापलीकडे होती. एचआयव्हीसाठी रक्त तिथं तपासत. गोळ्या घेऊनही वजन घटलेल्यांपैकी कुणाला पाठवायचं ते डॉक्टर ठरवायचे, पण "रक्ताच्या खोलीत जा रे!" असं खड्या आवाजात सांगायचे मी. तो माणूस आवार ओलांडेपर्यंत सगळी रांग टकामका बघायची. काही जण तिकडे गेलेच नाहीत, माझ्याकडेही पुन्हा आले नाहीत. आणि मी त्यांनाच आळशी म्हणत होते! लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

"आणि आज घटलं असेल तर?"

"मंग मी गावले जासू. गोळ्या बी बंद."

मी उठले ती थेट लॅबवाल्याशी भांडायला. तो म्हणे, खोलीबाहेर येऊन रक्त घ्यायचा नियम नाही. म्हटलं, सुई घेऊन चार पावलं चालायला कसला रे नियम लागतो? डॉक्टरांनी माझी बाजू घेतली. तेव्हापासून रक्त माझ्या टेबलामागच्या पडद्याआड घ्यायला लागले, तेही माणसाला विचारून. ड्रायव्हरला मी सगळं हळू आवाजात समजावलं. बराच वेळ विचार करून त्याने हात पुढे केला.

निकाल आला तेव्हा मी पडदा ओढून त्याच्याशेजारी बसले. सांगितलं, एचआयव्ही आहे. त्यावर आमच्याकडे औषध नाही, पण टीबी बरा होतो आणि तो मी बरा करूनच सोडणार. तो रडला. मग बाहीने डोळे पुसून एवढंच विचारलं, "आते मी कोनती खोलीमा येऊ?"

"इथंच. हाच काटा आणि हीच मी."

पुढच्या महिन्यात तो रांगेत होता. काट्यावर चढण्याआधी त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. काटा आधीच्या खोट्या आकड्यापेक्षा दोन किलो खाली थांबला. माझा पेन हातातच राहिला. ड्रायव्हर मात्र काट्यावरून हलला नाही.

"लिख, अक्का," म्हणाला, आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला.