अर्ध्या डोंग्याचा सौदा

बाबाराव म्हणजे आमचे आबा, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. बोलतात असे, जणू गाडी सुटून राहिली आहे आणि शिट्टी सापडत नाही. आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, त्यांना तब्येत कोणी विचारत नाही. "काकाजी, मछली फंसी?" एवढंच.

रायपूर राजधानी झाली आणि खारुन नदीच्या काठावरची त्यांची बसायची जागा गेली. तिथं उंच भिंत आली, वर कठडा. वरून गळ टाकला तर गाळात पडायचा. आता मासा धरायचा तर नाव पाहिजे, नाहीतर गळ कायमचा माळ्यावर.

महादेव घाटाजवळ हरिदास लाकडी नावा बांधून विकतो. आबांनी भाव विचारला, निम्मा सांगितला आणि गोल बाजारात करतात तसे पाठ फिरवून निघाले. भाजीवाली लगेच हाक मारते. हरिदासनं मारली नाही. पुढच्या वर्षी भाव चढला. "लकड़ी महंगा होगे हे कका, राजधानी बन गे ना," हरिदास नाकातून गायला. आबा पुन्हा वळले. त्यानंतरच्या वर्षी तर निम्माही भाव आवाक्याबाहेर गेला.

"दरवर्षी पाठ दाखवता," कुमुदआजी म्हणाली, "त्याले तुमचं तोंड तरी आठवते का?"

या वर्षी ती सोबत गेली. भाव ऐकून आबा सवयीनं वळले. आजी हललीच नाही. हरिदासचा स्वतःचा जुना डोंगा, म्हणजे छोटी नाव, काठावर पालथा होता, त्यावर ती बसली.

"चाल ना!"

"तुम्ही व्हा पुढं. हरिदास भैया, नवी नाव नाही परवडत आम्हाले. हा आधा देता का?"

"आधा डोंगा पानी म कइसे चलही, काकी?"

"इतवारी पूरा आमचा. बाकी दिवस पूरा तुमचा."

हरिदासनं डोकं खाजवलं, हसला आणि रविवारचा भाव सांगितला. झेपणारा होता. पण आबा ते आबाच! निम्मा बोलले आणि फिरवली पाठ. आजीनं डोळेच मिटले.

"कका! आवव ना, कहाँ जात हव?"

इतक्या वर्षांतली पहिली हाक. ज्या गुडघ्यांना घरचा जिना चढवत नाही, ते जवळजवळ पळत परत आले.

"मग, निम्म्यात देऊन राहिला का?" आजीनं विचारलं.

"काहून निम्म्यात? पूर्ण भाव देतो मी," आबा धापा टाकत म्हणाले. "बोलावलं ना त्यानं!"