माळकरी बोक्याचं इन्सुलिन

समस्त अवसरी बुद्रुक ग्रामस्थ, त्यांचे पैपाहुणे आणि पारावर बसून दुसऱ्याच्या घरात डोकावणारी थोर मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरातला बोका रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला इन्सुलिनचं इंजेक्शन घेतो. तो जगावा अशी माझी इच्छा आहे. याला कोणाची हरकत असल्यास ती त्यांनी लेखी तयार करावी आणि आपल्याच उशाखाली ठेवावी.

हे निवेदन मी चहाच्या टपरीवर, बाकावर उभा राहून, पेपरची सुरळी तोंडाशी धरून केलं. वय वर्षं बावन्न, धंदा मंचरला पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग. लोक हसले. मला तेच हवं होतं. हसणारा माणूस निदान सल्ला तरी देत नाही.

पण आधी बोक्याची थोरवी सांगायला हवी. हा बोका माळकरी होता. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, विसाव्या वर्षापासून गळ्यात तुळशीची माळ घालतो. आमच्या स्वयंपाकघराने चाळीस वर्षांत अंड्याचं टरफलसुद्धा पाहिलेलं नाही. वहिनी गेल्या त्या साली हे पिल्लू घरात आलं आणि दादाच्या पायाशी झोपायला लागलं. दादाने त्याला दूध-भाकरीवर वाढवलं. वर नैवेद्याचा शिरा, पेढा, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. मग एके दिवशी काळ्या दोऱ्यात एक तुळशीचा मणी ओवून त्याच्या गळ्यात बांधला. उंदरांचा प्रश्न निघाला की दादा सांगायचा, तो नुसता मारतो, खात नाही. खाताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण दादासमोर हे बोलायची टाप कुणाची. मागच्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहात तर कीर्तनकार महाराजांनी भर मांडवात दाखला दिला, की या गावात मांजरसुद्धा मांसाहार सोडतं, आणि माणसांनो तुमचं काय. मांडवातल्या निम्म्या माणसांनी खाली बघितलं. दादा मात्र पुढे कित्येक महिने ताठ मानेने चालला.

त्यानंतर बोका गाईच्या हौदावर जाऊन पाणी प्यायला लागला. एवढं, की गाय त्याच्याकडे बघत उभी राहायची. खाणं वाढलं आणि अंग उतरलं. मागचे पाय टाचा टेकवून टाकायला लागला, घसरत्या फरशीवर म्हाताऱ्याने चालावं तसा. मी त्याला कांद्याच्या जाळीदार पिशवीत घातलं आणि मंचरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काढला, मीटरवरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला. मग विचारलं, खातो काय. मी अभिमानाने सगळा नैवेद्य सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मांजर पाळलंय की कीर्तनकार?"

मांजराचं शरीर मांसावर चालतं, हे त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. भाकरी, भात, गोड, सगळं बंद. उकडलेली कोंबडी, मासा, अंडं, नाहीतर मधुमेही मांजरांसाठी मिळतो तो डबा. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन, आणि तेसुद्धा पोटात अन्न गेल्याची खात्री करून. डबा आम्ही आणला. बोक्याने तो हुंगला आणि पंजाने फरशीवर माती लोटायचा अभिनय केला. राहिली कोंबडी.

दादाचा निकाल उभ्या उभ्या लागला. "या घरात मटन शिजनार न्हाई. जगायचा आसंल तर देवाच्या मर्जीनं जगंल."

"देवाची मर्जी भाकरीची आसती तर त्याला दात आसले कशाला दिले आसते?" मी म्हणालो.

दादा खाली बसला, बोक्याच्या गळ्यातला दोरा दोन्ही हातांनी सोडवला आणि मणी देवघरात ठेवून आला. त्या रात्री तो जेवला नाही. मी जेवलो, मुद्दाम दोन भाकरी जास्त, आणि सकाळी गोठ्यामागे तीन दगड मांडून चूल पेटवली. घरात शिजणार नाही म्हणता, ठीक आहे. गोठा म्हणजे काही घर नव्हे.

पहिली सुई मी बोक्याऐवजी माझ्याच अंगठ्यात मारली. आठवड्यात हात बसला. तांब्याची केसासारखी तार गुंडाळणारे हात आहेत हे. मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी, आणि सुई आत. बोका कोंबडीच्या नादात असायचा, त्याला पत्ताही लागायचा नाही. बायको टॉवेल घेऊन तयारीत उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, की माझ्या पाठीला बाम लावायची आठवण मात्र चारदा करावी लागते.

गाव गप्प बसलं नाहीच. पारावरून हाक आली, "राव, बिबट्या कधी उचलून नेईल त्याचा नेम न्हाई, आन तुमी त्याला सुया टोचताय?"

"म्हनून तर टोचतोय," मी म्हणालो. "साखरेचा बोका खाऊन बिबट्याला शुगर झाली तर वनखातं मलाच धरंल."

तिसऱ्या आठवड्यात माझी मस्ती उतरली. संध्याकाळी बोका जेवला, मी इंजेक्शन दिलं, आणि तो अंगणात जाऊन सगळं ओकला. मी ते पाहिलं, पण मांजरं ओकतातच म्हणून सोडून दिलं. तासाभराने तो झिंगल्यासारखा चालत आला, भिंतीला धडकला आणि आडवा झाला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, साखर खाली गेलीय, हिरड्यांना गोड चोळा, आत्ताच्या आत्ता, आणि घेऊन या. मी साखरेच्या डब्याकडे धावलो. परत येतो तो दादा जमिनीवर बसलेला, देवघरातली पंचामृताच्या मधाची बाटली उघडी, बोट बोक्याच्या ओठाखाली. बोट थांबत नव्हतं. पाचएक मिनिटांत बोक्याने कान हलवला. मग त्याने दादाचं बोट चाटलं.

मंचरला जाताना दादा पिशवी मांडीवर घेऊन गाडीवर माझ्यामागे बसला होता. अर्ध्या वाटेत कानाशी म्हणाला, "तुज्या कोंबडीनं न्हाई, माज्या मधानं वाचला." मी गाडी चालवत राहिलो. डॉक्टरांनी खाणं बदलल्यावर साखर उतरते म्हणून इन्सुलिनची मात्रा कमी केली आणि ओकल्यावर फोन न केल्याबद्दल मला झापलं. दादा एरवी दवाखान्यात छताकडे बघत बसतो. त्या दिवशी मात्र आधी खाणं की आधी सुई, न खाल्लं तर काय, हे सगळं त्याने दोनदा विचारून घेतलं.

आषाढात बायकोच्या माहेरी, घाटघरला, भाताच्या लावणीला जावं लागलं. दोन दिवस. तिथे फोन लागला तर नशीब. आमच्या शेजारी एक रिटायर कंपाउंडर राहतात. त्यांना सगळं नीट समजावलं, अंडी आणि सुया पिशवीत घालून त्यांच्या हवाली केल्या. परत आलो तर तेच दारात भेटले.

"आवो मी आलो व्हतो, पर तुमच्या दादांनी पिशवी घिऊन दारातूनच वाटंला लावलं. म्हनले, आमचं आमी बगतो."

मी चपला न काढता आत गेलो आणि बोक्याच्या कानातून थेंब काढला. आकडा चांगला होता. दोन दिवस दूध-भाकरी खाल्लेल्या मांजराचा येणारच नाही इतका चांगला. दादाला विचारलं, काय घातलंस. "लागतं ते," म्हणाला, आणि टाळ घेऊन भजनाला गेला. मी गोठ्यामागे जाऊन पाहिलं. चुलीतली राख ऊन होती. मी चाळीस गावांत तोंड चालवणारा माणूस, पण त्या राखेबद्दल बायकोपाशीसुद्धा बोललो नाही. पुढे अधूनमधून मला दुकानातून यायला उशीर व्हायचा, तरी बोका कधी उपाशी सापडला नाही. मग मी मुद्दामच उशीर करायला लागलो.

श्रावणात सप्ताह बसला. कीर्तनकार महाराजांचं जेवण रीतीप्रमाणे आमच्याकडे. ओसरीवर पंगत बसली, पारावरची सगळी थोर मंडळी हजर. दादा सोवळं नेसून स्वतः पुरणपोळ्या वाढत होता. तेवढ्यात बोका आला. अंग भरलेलं, टाचा उचललेल्या, शेपटी वर. सरळ दादाच्या पायाशी गेला आणि घड्याळ वाचता येत असल्यासारखा ओरडायला लागला. साडेसहाला दहा मिनिटं होती.

महाराज खुश झाले. "हाच ना तो आपला माळकरी? आज कीर्तनात पुन्हा दाखला देणार आहे याचा." मग त्यांनी वाकून पाहिलं. "माळ कुठं गेली याची, माउली?"

पंगतीतले हात ताटात थांबले. गावाला माझी चूल माहीत होती, पण दादाच्या घरात बसून ते बोलायची हिंमत कुणात नव्हती. मी तोंड उघडलं. दोरा तुटलाय, नवा ओवायला दिलाय, असं एक सुरेख खोटं माझ्याकडे तयार होतं. दादा पोळी हातात धरून उभा होता. त्याने आयुष्यात कुणाच्या ताटात खोटं वाढलेलं नाही. त्याने बोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोळी महाराजांच्या ताटात ठेवत एका दमात बोलून गेला:

"माळ म्या उतरवलीया म्हाराज, त्याला दोन टायमाला अंडं लागतं, आन ते मीच उकडतो, पर हात राखंनं धुतल्यात, तुमी जेवा."