आधी तो दांडा काढा

नवा ड्रेस शिवून झाला की कुमुदताई दाते तो जमिनीवर उभा करायच्या. आत बाई नाही, टेकू नाही. जरा वाकला की उसवायच्या. "बाई दमली तरी कपड्यानं दमू नये," म्हणायच्या.

साठच्या दशकाअखेर आम्ही जर्सी सिटीत शेजारी होतो. न्यूयॉर्कच्या एका फॅशन हाऊसमध्ये त्या कटिंग करत. पांढऱ्या जाड लोकरीचे, घंटेसारखे, अंतराळात निघाल्यासारखे ड्रेस! मासिकांत फोटो मात्र मालकाचा. "त्याला सुईत दोरा ओवता येत नाही हो," त्या फणकारायच्या.

मी प्लास्टिकमधला इंजिनियर. ड्रेसच्या आत घालायला एकदा ऐटीत प्लास्टिकची शीट घेऊन गेलो. त्यांनी ती गुडघ्यावर मोडून परत दिली. "दामले, ह्याचे डबे करा. उरेब पट्टी वाकते आणि पुन्हा उभी राहते." तिरप्या कापलेल्या कापडाच्या त्या पट्ट्या, आतून एकीवर एक. सगळी करामत तीच.

आता, ऐंशीच्या दशकात, ते ड्रेस म्युझियमच्या लायकीचे ठरले. मालक वारला होता. त्याच्या कागदांत त्या शीटबरोबरची माझ्या नावाची चिठ्ठी सापडली, म्हणून म्युझियमची बाई माझ्याकडे आली. आकार टिकतो कसा? मी म्हणालो, "माझ्या प्लास्टिकमुळे." खोटं. धडधडीत खोटं. जुनं प्लास्टिक दगा देईल म्हणून म्युझियमवाल्यांनी ड्रेसमध्ये लोखंडी दांडा घातला आणि पाटीवर माझं नाव लावलं.

उद्घाटनाला कुमुदताई मुलीला घेऊन आल्या. पाटी वाचून पुढे सरकल्या. दांडा दिसला आणि भडकल्या.

"लंगडा केलात माझा ड्रेस! आधी तो दांडा काढा. नावाचं मग बघू!"

त्या दोरी ओलांडून आत शिरल्या. गार्डनं हात धरला. "मॉम, प्लीज, चल ना," मुलगी रडकुंडीला आली. गार्डनं मला विचारलं, "सर, यांना ओळखता?"

सुटाबुटातल्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "नो."

"ओळखत नाही ना?" कुमुदताई म्हणाल्या. "मग यापुढेही ओळखू नका."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात दोन ओळी आल्या: शिवणकामाची आवड होती. आवड! मी अंक टराटरा फाडला. पण संपादकाला खरं सांगणार कोण होतं? सांगू शकणारा एकच माणूस, आणि तो नालायक गप्प बसला होता.

आज म्युझियमला पत्र टाकलं. प्लास्टिक नव्हतंच, माझं नाव खोडा, कुमुद दाते लिहा, सगळं आहे त्यात. पण पहिली ओळ त्यांचीच: आधी तो दांडा काढा.

काढा आणि बाजूला व्हा. ड्रेस उभा राहील.