आधी त्याचं कूळ बघू

चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून अक्का म्हणायच्या, "थांब. आधी त्याचं कूळ बघू." सोयरीक वगैरे काही नसायची. कुणाच्या तरी तोंडून एखादा इंग्रजी शब्द निसटलेला असायचा. अशी शिक्षिका तुमच्याही गल्लीत असेल. निवृत्त होते, पण शिकवायची काही थांबत नाही.

मी धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन रावेरला आले, आणि अक्का शेजारी लाभल्या. मला केळीच्या पॅकिंग शेडवर काम हवं होतं. तिथे परदेशी व्यापारी माल बघायला येत, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागे. मी रडकुंडीला आले.

"अक्का, मी अडाणी शे. माले इंग्रजी येत नही."

चष्मा खाली आला. "'नाइस' माहीत आहे ना तुला? लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ होता, ज्याला काही कळत नाही तो. इंग्लंडात शिरला तोही मूर्ख म्हणूनच. मग चोखंदळ झाला, मग नेमका, आणि आता छान. तो पोचला, तू का नाही पोचणार?"

पटलं. पण जीभ वळेल तर शपथ.

हिवाळ्यात अक्कांनी शेतात भरीत पार्टी ठरवली. त्यांची बंगळुरूची सून आली होती, तिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. "हिला भरीत तू शिकव," एवढं म्हणून अक्का खुशाल बांधावर जाऊन बसल्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, आणि ती बाई सोलायला सोपी जातील म्हणून वांगी पाण्याच्या बादलीत बुडवायला निघाली. माझा जीवच गेला.

"नो वॉटर! स्मोक गो, टेस्ट गो!"

मग सुटले ते सुटलेच. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, लाकडी बडगीतलं ठेचणं, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी पहिला घास घेऊन सून म्हणाली, "नाइस."

बांधावरून अक्का म्हणाल्या, "जपून हं. कोणत्या काळातला म्हणतेय, विचारून घे."

मला काम मिळालं. आज शेडवरचा माल मीच दाखवते.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. फार आठवण येते. परवा एका व्यापाऱ्याने केळीची फणी हातात धरून म्हटलं, "नाइस." आता मलाही चष्मा लागलाय. तो मी नाकाच्या शेंड्यावर ओढला.

"वन मिनिट, सर," मी म्हटलं. "फर्स्ट वी सी इट्स फॅमिली."

बाहेर ट्रक भरायचा होता. म्हटलं, थांबू दे.