एव्हिसबाईंचा अंगठा

डल्सी हॅनफर्डनं तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कुराबिन गावच्या पोस्टात पार्सलं तोलली. ती रिटायर झाली त्याच सुमाराला सरकारनं औंस-पौंड काढून ग्रॅम आणले, आणि गावातल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानात ग्रॅम, पाककृतीत कप. शेवटी आमच्या महिला मंडळानं ठरवलं, सगळ्यांच्या पाककृती ग्रॅममध्ये बसवून पुस्तक काढायचं. काम अर्थात डल्सीकडे गेलं.

तिची एकच अट होती. "जिचा पदार्थ, तिनं आपल्याच घरचा कप आणायचा. दोन घरचे कप कधी सारखे असतात का?"

मग ती चमच्यानं त्या कपात मैदा भरायची, सुरीनं सपाट करायची, आणि तीनदा तोलायची. काम चोख होतं, नाही म्हणत नाही. पण चूक नेहमी दुसऱ्याची असते यावर तिची गाढ श्रद्धा. मी तिची शेजारीण, मला विचारा.

एव्हिस पेड्रिकबाई ऐंशीच्या. त्यांच्या आल्याच्या स्पंज केकला गावच्या वार्षिक प्रदर्शनात एकोणीस वेळा पहिला नंबर मिळालेला. कृती त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. त्या वर्षी दिली. दोन कप मैदा. सोबत आपला कान तुटलेला कपही आणून दिला.

पुस्तक आलं, आणि घरोघरी स्पंज बसला. माझा तर असा झाला, की कुत्र्यानंही तोंड लावलं नाही.

"डल्सी, तोलताना चष्मा लावला होतास ना गं?" मंडळात कुणीतरी टोमणा मारला.

"काटा खोटं बोलत नाही," डल्सी म्हणाली. "बाईंनाच आठवत नसेल आता."

हे वाक्य बाईंच्या लेकीपर्यंत, लॉर्नापर्यंत पोचलं. ती ॲडलेडहून आली आणि म्हणाली, "आई, तुला आता साधा केकही आठवेना. एकटी कशी राहशील?" वृद्धाश्रमात नाव घातलं, महिनाअखेर घराला कुलूप लावायचं ठरलं. बाईंचाही स्वतःवरचा विश्वास उडाला. रस्त्यात भेटल्या की मला विचारायच्या, "दोनच कप ना गं?" मला ते ऐकवत नसे.

मीच डल्सीला म्हटलं, "एकदा त्यांच्या हातचा तरी बघ." ती आली, पण आपलंच खरं करायला आली. काटा काखेत मारून.

बाईंनी कप हातात धरून त्यात चमच्यानं मैदा भरला आणि हातानं सपाट केला. कपाला कान नाही, म्हणून काठ चिमटीत धरलेला. अंगठा आत, दुसऱ्या पेरापर्यंत मैद्यात.

"थांबा!" डल्सी ओरडली. तिनं तो मैदा काट्यावर ओतला. मग दुसरा कप. दोन्ही मिळून पुस्तकापेक्षा पस्तीस ग्रॅम कमी.

"अंगठा नेहमी आत असतो?"

"कसला अंगठा?" बाई गोंधळल्या. कान तुटला लॉर्नाच्या जन्माच्या वर्षी. तेव्हापासून त्या कप तसाच धरत होत्या, आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशीचा स्पंज छान फुलला. डल्सीनं खाल्ला नाही.

बुधवारी मंडळात लॉर्ना बसली होती. डल्सी उभी राहिली. तीस वर्षांत मी तिला असं चाचरताना पाहिलं नव्हतं.

"बाईंना सगळं बरोबर आठवत होतं. मी कप तोलला, त्या तो कसा भरतात हे पाहिलंच नाही. चूक माझी. आणि त्यांच्या डोक्याबद्दल मी जे बोलले, ते माझी चूक झाकायला बोलले."

लॉर्नानं मान खाली घातली आणि म्हणाली, "आई, उद्या मी ते नाव काढून टाकते."

बाई लेकीशी बोलल्याच नाहीत. डल्सीकडे बघून म्हणाल्या, "सात आठवडे मी रोज रात्री स्वतःलाच पाढे म्हणून दाखवत होते गं. डोकं गेलं का ते बघायला."

डल्सी खाली बसली.