पहिलं पान

पेणला रामवाडीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. रोज रोह्याहून स्कूटरवर येतो आणि त्या स्कूटरला कुणाला हात लावू देत नाही. खाडीकाठच्या आमच्या गावाची वेबसाइट तोच सांभाळतो. एरवी ती उघडली की देवळाचा फोटो दिसतो. अमावस्या-पौर्णिमेला मोठ्या भरतीआधी खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरचा राखणदार त्याला फोन करतो. पाणी चढत असेल तर हा सेटिंगमध्ये जाऊन होमपेज बदलतो. मग पहिलंच पान उघडतं ते 'बांधाला धोका, गुरं सोडा, शाळेत या' असं.

सेव्ह करण्याआधी तो हात पँटला पुसतो. नंतर समोरच्या गिऱ्हाइकाचा फोन मागून त्यावर साइट उघडून बघतो. "माझ्या मशीनवर दिसलं म्हंजे लोकांना दिसलं असं नाय," हे त्याचं ठरलेलं. त्याच्या या सावकाशीचा मला वैताग यायचा.

परवा अमावस्येला दुपारी मी एका दाखल्यासाठी तिथे बसले होते. बोलता बोलता तो मशीनकडे वळला. होमपेज बदलून त्याने थेट सेव्ह केलं. हात पुसला नाही, माझा फोनही मागितला नाही.

"राखणदाराचा फोन आला?" मी विचारलं.

"नाय आला. मी चारदा लावला, लागत नाय."

मी उठून उभी राहिले.

"ताई, तुमचं घर कुठल्या अंगाला?"

"बांधाला लागून. आई एकटीच हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली.