सॅम्पल न्यायला आलेल्या बाई

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सोसायटीच्या ग्रुपवर असलं काही आलं की पहिली खिल्ली मीच उडवतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण लिहितो.

आम्ही कर्वेनगरात राहतो. बायकोला, शुभाला, ल्युपस आहे — शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची. रक्तातलं सी-थ्री घसरलं, अँटीबॉडीज वाढल्या, लघवीत प्रोटीन दिसलं, की आजार किडनीपर्यंत पोचला असं समजायचं. डॉक्टर सांगून सांगून थकले. पण घरी सॅम्पल न्यायला येतो पंचविशीतला मुलगा, आणि त्याच्या हातात लघवीची बाटली द्यायला बाईसाहेबांना लाज वाटते! 'रक्त दिलंय ना, पुरे' म्हणून दोनदा टाळलं. आता कुठे कपाळ आपटायचं?

यंदा मार्चमध्ये त्या मुलाऐवजी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पांढरा ॲप्रन, हातात बर्फाचा डबा. आमचा वॉचमन माझ्या सख्ख्या भावालाही ॲपवर होकार आल्याशिवाय सोडत नाही. या थेट दारात. पण तेव्हा कुठे सुचतंय? मी चहा ठेवत होतो. आतल्या खोलीत दोघी बराच वेळ बोलत होत्या. शुभाने रक्त दिलं, आणि निमूटपणे बाटलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. सी-थ्री खाली, प्रोटीन भरपूर. डॉक्टरांनी लगेच ॲडमिट करून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर किडनी हातची गेली असती, म्हणाले.

घरी आल्यावर त्या बाईंचे आभार मानायला मी लॅबला फोन केला. तिकडून थंडपणे उत्तर — "सर, त्या दिवशी आमचा मुलगा आजारी होता. तुमच्याकडे कोणी आलंच नाही. आणि घरी पाठवायला आमच्याकडे लेडीज स्टाफ नाहीये."

मग सॅम्पल? तर म्हणे काउंटरवर ठेवलेलं मिळालं, नावाचं लेबल होतं, तपासलं. म्हणजे कोणीही यावं आणि काहीही ठेवून जावं! मी जाऊन तावातावाने भांडलो. वॉचमनशीही भांडलो, त्या सकाळी आमच्या फ्लॅटला कुणाचीच एंट्री नव्हती. शुभाच्या हातावरचा सुईचा काळानिळा डाग मात्र मी स्वतः पाहिलाय.

शेवटी तिलाच विचारलं, एवढं काय बोलत होतात? तर म्हणे, पाय सुजतात, लघवीला फेस येतो, ते सांगत होते. दोन महिने हे चाललं होतं! माझं डोकंच फिरलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली.

त्या कोण होत्या, मला आजही माहीत नाही. शुभा आता त्या मुलाला गुपचूप बाटली देते. आणि मी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी तिला पाय दाखवायला लावतो. ती वैतागते... वैतागू दे.